जवळ काहून जाऊ?

तिरंदाज निवडणारा खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. बाकीचे विचारतात, समोर कोण आहे. हा विचारतो, खोली किती लांब आहे. दार कुठे, खांब कुठे, वर चढून बसायला काही आहे का. उत्तर मिळालं की आपली सोंगटी तो नकाशाच्या अगदी मागच्या चौकटीत नेऊन ठेवतो आणि पुढचा तासभर तिला हात लावत नाही. गरजच पडत नाही. लढाई संपते तेव्हा तलवारवाल्याचे तीन-चार एचपी, म्हणजे जिवाचे गुण, उरलेले असतात, ढालवाला आडवा झालेला असतो आणि तिरंदाजाच्या अंगावर साधा ओरखडा नसतो. वर तोच म्हणतो, चला, पुढची खोली.

हे असं होऊ नये म्हणून मला पैसे मिळतात.

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या भूमिकाखेळांचे नियम लिहिणं आणि तपासणं हे माझं काम. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, पात्र काय करतंय ते तोंडाने सांगतात, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ काढला, तिथून हा प्रकार सुरू झाला. आज त्याच मुळावर शेकडो खेळ उभे आहेत. अशाच एका नव्या खेळातलं लांब पल्ल्याच्या शस्त्रांचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. धनुष्य, क्रॉसबो, गोफण, फेकायचा भाला, आणि ही शस्त्रं वापरणाऱ्याला पातळीगणिक मिळणाऱ्या करामती. प्रकाशक परदेशातला, छोटा. मी राजेगावात.

राजेगाव बालाघाट जिल्ह्यात, म्हणजे मध्य प्रदेशात. पण बाघ नदीचा पूल ओलांडला की गोंदिया जिल्हा लागतो. घरात मराठी आणि पोवारी, बाजारात हिंदी, आणि खेळाच्या टेबलावर तिन्हींची खिचडी. मोबाइल कधी या राज्याचा टॉवर धरतो, कधी त्या. पुण्यात असताना नियम तपासायला माणसं सहज मिळायची, पण ती सगळी आधीच मुरलेली असायची. नियमात भोक कुठे आहे ते न सांगता त्यातूनच ती निघून जायची. इथे आमच्या सपरीत बसणाऱ्या मंडळींनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा, सुटीत येणारा भाचा. खत-बियाण्यांच्या दुकानात बसणारे शेजारचे दादा. निवृत्त झालेले गुरुजी. आणि माझी वहिनी, जिने सगळ्यांत आधी नियम पाठ केले आणि मग मलाच अडवायला लागली.

भाच्याने अर्थातच तिरंदाज घेतला. दादांनी दोन हातांची तलवार. दुसऱ्याच लढाईत, चारही बाजूंनी घेरलेले दादा वैतागून म्हणाले, “तू पुढं काहून येत नाही बे?”

“मी इथूनच मारून राहिलो ना दादा. जवळ काहून जाऊ?”

या प्रश्नाला माझ्याकडच्या मसुद्यात उत्तर नव्हतं. खरं तर गाजलेल्या पुस्तकांतही ते नीटसं नाही.

आकडे बघू. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती २०१४ साली आली. तिच्यातला पाचव्या पातळीचा तिरंदाज घ्या. फाशात त्याचे ९ मिळवायचे, आणि समोरच्याचं चिलखत १५. म्हणजे ६ किंवा वर पडलं की बाण लागला. शंभरातले पंचाहत्तर बाण लागतात. लांब धनुष्याचं डॅमेज आठ बाजूंचा एक फासा अधिक ४, सरासरी साडेआठ. फेरीला दोन बाण. सरासरी पावणेतेरा डॅमेज झालं. आता त्याला ‘शार्पशूटर’ ही करामत द्या: नेमातून ५ वजा करा आणि डॅमेजमध्ये १० मिळवा. बाण लागायची शक्यता पन्नास टक्क्यांवर येते, पण सरासरी साडेअठरावर जाते. पावणेतेराचे साडेअठरा! तलवारवाल्यालाही तशीच करामत आहे. दोन हातांची मोठी तलवार घेऊन तो १६.८ पर्यंत पोचतो. त्याच्या लढण्याच्या शैलीचा किरकोळ फायदा धरला तरी अठराच्या आतच राहतो. म्हणजे जो शत्रूच्या तोंडाशी उभा राहून मार खातो त्याच्यापेक्षा शंभर फुटांवर उभा असलेला जास्त मारतो. वर त्याच करामतीत आडोशामागच्या शत्रूलाही बाण बिनतक्रार लागतो आणि लांबचा पल्ला जवळचा होतो. २०२४ च्या सुधारित पुस्तकात हे वजा पाच-अधिक दहा काढून टाकलं. दहा वर्षं जगभरच्या टेबलांवर भांडणं झाल्यानंतर!

माझ्या मसुद्यातही वेगळ्या नावाने तीच करामत बसलेली होती. ती काढणं हे पहिलं काम. भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, “मामाजी, तुम्ही तं द्रोणाचार्य झाले.” यावर गुरुजी इतके हसले की त्यांच्या चहाचा कप कलंडला.

पण अंगठा घेऊनही तो कोपऱ्यातून हलला नाही. डॅमेज निम्म्यावर आणून पाहिलं, तरी नाही. कमी पगाराची पण बिनधोक नोकरी कोण सोडतो? इथे मला एक गोष्ट पक्की कळली: धनुष्याचं बळ त्याच्या डॅमेजमध्ये नाही, शाबूत राहण्यात आहे. डॅमेज खाली-वर करणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे. आणि तरीही या धंद्यातले बहुतेक जण तेच करतात, कारण आकडा बदलायला सोपा असतो. ओळ खोडली, दुसरी लिहिली, फाइल पाठवली.

पल्ल्याचे आकडे तर निव्वळ शोभेचे. पुस्तकात लांब धनुष्याचा पल्ला १५० फूट, ओढूनताणून ६०० फूट. नकाशावर एक इंच म्हणजे ५ फूट धरतात. ६०० फुटांना १२० इंच लागतील, म्हणजे दहा फूट लांब टेबल. एवढं टेबल आमच्याकडे लग्नाच्या पंगतीतच निघतं. बाकी जगातही लोक जेवणाच्या टेबलावरच खेळतात, तेव्हा खेळातलं प्रत्येक रणांगण धनुष्याच्या पल्ल्याच्या आत असतं. १५० काय, ६०० काय, तिरंदाजाला सगळं सारखंच. ज्या शस्त्राची ओळखच अंतर, त्याला अंतराची कधी झळच लागत नाही.

जुन्या लोकांना हे ठाऊक असावं. या खेळांचा उगम पटावर सैन्य मांडायच्या युद्धखेळांत आहे. १९७१ चा ‘चेनमेल’ हा त्यातला थेट पूर्वज. तिथे अंतर टेपने मोजायचे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७८ च्या पुस्तकात पल्ला इंचातच दिलेला आहे, आणि गंमत म्हणजे त्याच इंचाचे घरात दहा फूट आणि उघड्यावर दहा यार्ड होत. म्हणजे तळघरात धनुष्य आपोआप आखूड व्हायचं. हातघाईवर आलेल्या घोळक्यात बाण सोडला तर तो कुणाला लागेल हे फासा ठरवायचा, आपलाही माणूस पडायचा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचे वजा चार झाले, आणि एक करामत घेतली की तेही माफ. २०१४ मध्ये फक्त मध्ये कुणी उभं असेल तर थोडा आडोसा, एवढंच उरलं. हिशेब किचकट नको म्हणून एकेक अडचण काढत गेले आणि प्रत्येक अडचण निघताना तिरंदाज फुकटात थोडा थोडा वर चढत गेला.

खरा तिरंदाज काय करतो हे पाहण्यासाठी मी स्पर्धांच्या चित्रफिती बघत बसलो. आपल्याकडे उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी, दोघंही कंपाउंड प्रकारात जगज्जेते झाले. ओजसने अंतिम फेरीत पंधरा बाणांत १५० पैकी १५० केले. अंतर ५० मीटर, म्हणजे साधारण १६४ फूट. पुस्तकातल्या लांब धनुष्याच्या सोयीच्या पल्ल्याहून थोडं जास्तच. आता बघण्यासारखी गोष्ट अशी, की या सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. आमच्या खेळातली एक फेरी ६ सेकंदांची. जगातला सर्वोत्तम धनुर्धर सपाट मैदानावर, न हलणाऱ्या लक्ष्यावर, कुणी अंगावर धावून येत नसताना एका बाणाला तीन फेऱ्यांहून अधिक वेळ घेऊ शकतो. आमचा भाचा घोड्यावरून उडी मारत, ड्रॅगन समोर असताना, सहा सेकंदांत दोन.

अर्थात लढाईतला बाण आणि स्पर्धेतला बाण वेगळा. इंग्लंडचे लांब धनुष्यवाले मिनिटाला दहा-बारा बाण सोडत असं मानतात, म्हणजे फेरीला एक. पहिल्या पातळीचा हिशेब बरोबरच आहे. पण ते एका माणसावर नेम धरत नव्हते, सैन्यावर बाण ओतत होते. नेम आणि वेग यांपैकी एकच मिळतं. पुस्तकाने दोन्ही एकाच हातात दिलं, घोळ तिथे आहे.

म्हणून पहिला खरा नियम लिहिला तो ‘वेध’चा. आपल्या पाळीत पाय हलवला नाही आणि शत्रू हाताच्या अंतरावर नसला, तर नेमाचा पूर्ण फायदा. हललात तर फायदा गेला, बाण सोडा बेलाशक. वरवर पाहता हे तिरंदाजाला कोपऱ्यातच बसवणारं आहे, आणि वहिनीने ते लगेच बोलून दाखवलं. पण त्याला जोड दिली दुसऱ्या अर्ध्या नियमाची: जो वेध धरून बसला आहे त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पुढच्या फेरीत शत्रूंपैकी एक जण कुणाच्या प्रतिहल्ल्याची भीती न बाळगता थेट त्याच्याकडे धावू शकतो. एका जागी बसून मारायचं तर ती जागा सगळ्यांना कळणारच.

हे कागदावर छान दिसत होतं. गुरुजींना पटलं नाही.

गुरुजी इतिहासाचे. त्यांचं म्हणणं, तुमच्या नियमात मुरारबाजी बसतो का ते सांगा. १६६५ साली पुरंदरच्या वेढ्यात मुरारबाजी देशपांडे निवडक माणसं घेऊन किल्ल्याखाली उतरला आणि मोगली फौज कापत थेट दिलेरखानाच्या रोखाने गेला. खानाने त्याची मर्दुमकी पाहून कौल देऊ केला, मुरारबाजीने तो धुडकावला, आणि खानाने स्वतः बाण सोडून त्याला पाडलं, असं बखरीत आहे. मराठी घरात ही गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याच्या पोटात नेहमी एक कळ उठते. एवढी तलवार गाजवली आणि शेवटी लांबून बाण! जे आमच्या दादांना प्रत्येक लढाईत वाटत होतं तेच ते.

गुरुजींची कसोटी दुहेरी होती. बाणाने मुरारबाजी मरायलाच हवा, नाही तर धनुष्य कशाला. पण तो दिलेरखानाच्या नजरेत भरण्याइतका पुढे पोचायलाही हवा. माझ्या पहिल्या मसुद्यात तो किल्ल्याच्या पायथ्याशीच दुसऱ्या फेरीत पडला असता. ‘वेध’ आल्यावर चौथ्या फेरीपर्यंत तगला. म्हणजे काहीतरी सुधारलं होतं, पण गुरुजी म्हणाले, “तो माणूस उघड्या मैदानावर बाणांची वाट बघत चालत गेला नाही. जमीन कुठे आहे तुमच्या नियमात?”

हा प्रश्न मला माझ्या पद्धतीने सोडवता येण्यासारखा होता, कारण जमीन आमच्या दारातच होती.

जुलैत चिखलणी झालेल्या आमच्या बांधीत भाच्याला पळवलं. रोवणी व्हायच्या आधी. रोवलेल्या धानातून पळाला असता तर घरच्यांनीच आम्हा दोघांना बाण मारले असते. एका धुऱ्यावर मी उभा, दुसऱ्या धुऱ्यावरून तो माझ्याकडे. पहिली दहा पावलं जोरात, मग पोटऱ्यांपर्यंत गाळ, मग एक पाय निघेना, आणि तो काढायला वाकला तर तोल जाऊन हात कोपरापर्यंत आत. त्याच्यामागून दादा आले. धावले नाहीत. टाच आधी सोडवायची, पाऊल आडवं करून काढायचं, पुढचं पाऊल सपाट टेकवायचं, असे एका लयीत चालत आले आणि भाच्याच्या पुढे निघून धुऱ्यावर चढून बसले. वयाने तो बावीस, दादा पन्नाशीच्या घरातले.

पुस्तकाच्या भाषेत अवघड जमिनीवर चाल निम्मी होते. माणूस फेरीला ३० फूट चालतो, सगळी फेरी धावण्यात घातली तर ६० फूट. १५० फुटांवरच्या तिरंदाजापर्यंत कोरड्या शेतातून तो तिसऱ्या फेरीत पोचतो. चिखलात फेरीला ३० फूट, म्हणजे पाच फेऱ्या. फेरीला दोन बाण धरले तर कोरड्यात सहा, चिखलात दहा. नदीच्या पलीकडे बांबूच्या रांजीत मात्र समोरचं तीस फुटांवरचं दिसत नाही. तिथे तिरंदाजाला एक फेरी मिळाली तरी खूप. शस्त्र तेच, माणूस तोच, फासे तेच. मेच्या उन्हात बाघेची उघडी वाळू, श्रावणातली बांधी आणि बांबूचं रान, या तीन ठिकाणी तेच धनुष्य तीन वेगळी शस्त्रं आहेत. मग मी धनुष्याची किंमत धनुष्यातच का शोधत बसलो होतो?

त्यानंतर प्रकरणाची मांडणी बदलली. फुटांचे आकडे काढून पल्ल्याचे तीन टप्पे केले: हाताचा, हाकेचा आणि नजरेचा. कुठली जागा कोणत्या टप्प्यापर्यंत ‘उघडी’ आहे हे डीएमने लढाईच्या आधी सांगायचं. बांबूचं रान फक्त हाताच्या टप्प्यापर्यंत उघडं. बांधी नजरेच्या, पण चालीला निम्मी. प्रत्येक जागेला आडोसे मोजून द्यायचे: धुरा, मोहाचा बुंधा, बैलगाडी, पडकी भिंत. धावणारा एका आडोशापासून दुसऱ्या आडोशापर्यंत ‘अंग चोरून’ गेला तर त्या फेरीत वेधाचा फायदा चालणार नाही. दादांच्या आग्रहाने एक करामत घातली, चिखलात चाल पूर्ण ठेवणारी, आणि तिला नावही त्यांच्याच चालीचं दिलं. प्रकाशकाने नाव बदललं, करामत ठेवली.

या मांडणीत मुरारबाजी दिलेरखानापर्यंत पोचला आणि बाणाने पडला. गुरुजी समाधान पावले. पण तरीही त्या संध्याकाळी भाच्याचा तिरंदाज आडोशाच्या आडोशाने मागे मागेच सरकत होता. आधी तो कोपऱ्यात बसायचा, आता कोपऱ्यात हुशारीने बसायला लागला, एवढाच फरक.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी शस्त्रांच्या प्रकरणात मिळालंच नाही. ते लढाई कशासाठी आहे यात होतं. पूर आलेली नदी, पलीकडच्या काठाला बांधलेला डोंगा, डोंग्यात गावचं बियाणं आणि दोन पोरं. दरोडेखोर दोर कापायला आलेत. खेळाडू अलीकडे. भाच्याने नेहमीप्रमाणे काठावरचा मोठा खडक पकडला आणि दोन दरोडेखोर टिपले, अचूक. तिसऱ्याने दोर कापला. भाच्याने त्यालाही मारलं. डोंगा वाहायला लागला.

“आता?” मी विचारलं.

त्याने आपला कागद वरून खाली वाचला. सगळ्या करामती बघितल्या. बाणाने डोंगा थांबत नाही. बाणाने पोर उचलता येत नाही. दादा आधीच पाण्यात होते, गळ्यापर्यंत, आणि फासा त्यांना साथ देत नव्हता. भाच्याने धनुष्याची दोरी उतरवली, धनुष्य खडकावर ठेवलं आणि म्हणाला, “जातो.” सोंगटी त्याने स्वतः उचलून नदीत ठेवली. वहिनीने टेबलावर हात आपटला.

यातून पुस्तकात जे गेलं ते शस्त्रांच्या तक्त्यात नाही, डीएमसाठीच्या पानात आहे: प्रत्येक झुंजीत असं एक काम असू दे जे हातानेच होतं. दार उचलणं, दोर सोडवणं, जखमी ओढून आणणं, निशाण उतरवणं. ते नसेल तर तिरंदाज मागे बसणार आणि त्याचं चुकतही नाही. शहाणा माणूस तेच करेल. प्रकाशकाचं म्हणणं पडलं की नियमतपासनीसाने सल्ले देऊ नयेत, आकडे द्यावेत. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर अर्धं पान मिळालं. पानांचा खर्च असतो, हेही खरंच.

बाण मोजण्याच्या नियमावर कुणी प्रेम करत नाही. पुस्तकात वीस बाण एका सोन्याच्या नाण्याला, आणि लढाईनंतर मिनिटभर शोधलं की निम्मे परत. बहुतेक टेबलं हे सोडूनच देतात. कागदावर खोडत कोण बसणार? आम्ही चिंचोके वापरले. तिरंदाजापुढे चिंचोक्यांची वाटी, बाण सुटला की एक बाहेर. खोडायचं नाही, लिहायचं नाही. आणि एक चमत्कार झाला: वाटीत चार चिंचोके उरले की भाचा बोलेनासा व्हायचा, आणि पाचव्या मिनिटाला कुणी न सांगता खंजीर काढायचा. संख्या कागदावर असली की ती हिशेब असते. वाटीचा तळ दिसला की माणूस खरंच विचार करतो. मोजके बाण ही कल्पना आपल्याला नवी नाही. कर्णाजवळची वासवी शक्ती एकदाच वापरता येणारी होती, आणि कृष्णाने घटोत्कचाला पुढे करून ती खर्च करायला लावली. इतका नेमका डावपेच एखाद्या नियमपुस्तकात मला आढळलेला नाही. मसुद्यातल्या मंतरलेल्या बाणांना ‘दिवसातून तीनदा’ होतं ते मी खोडून ‘एकदाच, कायमचं’ केलं, तेवढ्यावर प्रकाशक लगेच राजी झाला.

क्रॉसबोबद्दल थोडक्यात. तो भरायला वेळ लागतो, हाच त्याचा स्वभाव. २०१४ च्या पुस्तकात एक करामत घेतली की भरण्याचा वेळच नाहीसा होतो, आणि लोक एका हातातल्या छोट्या क्रॉसबोने फेरीला तीन-तीन बाण सोडतात. आम्ही ती घेतलीच नाही. भरलेला क्रॉसबो लढाईच्या सुरुवातीला एकदाच सुटतो, जोरात. मग तो टाका आणि तलवार काढा. गुरुजींना हे इतकं आवडलं की त्यांनी आपलं पात्रच बदललं.

आणि गोफण. या खेळांत गोफणीची जितकी अवहेलना झाली तितकी क्वचितच दुसऱ्या शस्त्राची झाली असेल. चार बाजूंचा फासा, ३० फूट पल्ला, अगदी स्वस्त, म्हणून गरीब शेतकरी पात्रांच्या गळ्यात. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलेल्या माणसाला हा तक्ता दाखवा, तो हसेल. झेनोफोनने लिहून ठेवलंय की त्याच्या ऱ्होड्सच्या गोफणवाल्यांचे शिशाचे गोळे इराण्यांच्या दगडांपेक्षा दुप्पट लांब जात. वहिनीचं माहेर ज्वारीच्या मुलखातलं. तिने नियम वाचून पुस्तक मिटलं आणि विचारलं, हे लिहिणाऱ्याने गोफण हातात धरली होती का कधी?

तिने अंगणात दाखवली. दोन पदर, एक बोटात अडकवलेला, एक चिमटीत. दगड वजनाला सारखे निवडायचे, कारण वजन बदललं की नेम बदलतो. डोक्यावर फिरवायचं ते जोरासाठी नाही, दगड खोबणीत बसल्याची खात्री करायला. जोर शेवटच्या झटक्यात. फिरवायला आजूबाजूला मोकळी जागा हवी. दुसरा हात रिकामा राहतो, म्हणजे ढाल धरता येते. हे सगळं मी उभ्या उभ्या लिहून घेतलं. आमच्या पुस्तकातल्या गोफणीचा फासा सहा बाजूंचा झाला, चिलखतावर ती तलवारीपेक्षा बरी चालते, दारूगोळा नदीकाठी फुकट. पण बाजूच्या चौकटीत मित्र उभा असेल तर ती फिरवता येत नाही, आणि बांबूच्या रानात मुळीच नाही. वहिनीचं पात्र त्यामुळे नेहमी दादांपासून बरोबर दोन चौकटी दूर राहतं आणि त्यांच्यापुढेही जातं, जागा हवी म्हणून. अख्ख्या प्रकरणात लांब पल्ल्याचं हे एकच शस्त्र असं निघालं, जे घेतलेला खेळाडू आपण होऊन मैदानाच्या मध्यावर येतो. हे मी योजलं नव्हतं. गोफणीला लागणाऱ्या जागेनेच ते केलं.

जादूगारांचे लांबून फेकायचे मंत्र माझ्या वाट्याला नव्हते. ते लिहिणाऱ्या बाई दुसऱ्या खंडात बसतात, आणि त्यांच्या एका मंत्राचा पल्ला १२० फूट आहे, चिंचोके लागत नाहीत, मोकळी जागा लागत नाही. आम्ही एकमेकांना अतिशय नम्र मेल लिहितो.

प्रकरण पाठवून झालं आहे, छपाईआधीची एक फेरी बाकी. उरलेला प्रश्न पंखवाल्यांचा. खेळात उडणारी एक जमात आहे. तिच्यातला तिरंदाज घेतला की चिखल संपला, धुरे संपले, आडोसे वरून उघडे पडले, आणि मुरारबाजी पुन्हा पायथ्याशीच मेला. मी लिहिलंय की पंख मारत असताना वेध धरता येत नाही. वहिनी म्हणते, घिरट्या घालणारी घार काय नेम चुकवते का? भाचा दिवाळीच्या सुटीत येतोय. त्याने फोनवर आधीच कळवलं आहे की या वेळी पात्राला पंख पाहिजेत, आणि सपरीचं छत नकाशात धरायचं का तेही विचारून ठेवलंय.